अभय आणि उपजीविकेचा पालट

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना करताना भगवंतांनी सर्वांच्या आधी अभयाचे नाव घेतले आहे. अंतःकरणाची शुद्धी, दान, संयम, सत्य, अहिंसा हे गुण त्याच्या मागून येतात. हा क्रम विचार करण्याजोगा आहे. भ्यालेल्या मनुष्याची मूठ दानासाठी उघडत नाही, कारण उद्याची चिंता ती आवळून धरते. त्याच्या मुखातून सत्यही सहजी निघत नाही, कारण सत्याने होणारे नुकसान त्याला आधी दिसते. अभय हा इतर सद्गुणांचा पायाच आहे.

गृहस्थाश्रमी मनुष्याला भयाची गाठ रणांगणावर पडत नाही. ती पडते उपजीविकेच्या वाटेवर. वीस वर्षांची नोकरी सोडून अन्य व्यवसाय पत्करावा काय, वडिलार्जित दुकान बंद करून शेतीकडे वळावे काय, गाव सोडून दूर प्रांती जावे काय, असा प्रश्न उभा राहिला की मन कापू लागते. मुलांचे शिक्षण, आईवडिलांचे औषधपाणी, डोक्यावरचे कर्ज, सोयऱ्याधायऱ्यांचे बोलणे ही सारी एकाच वेळी डोळ्यांपुढे येतात. पुष्कळांचे आयुष्य या उंबरठ्यावरच सरते. पाऊल पुढे पडत नाही, आणि मागचे घरही मनापासून आपले वाटत नाही.

या प्रसंगी गीता काय सांगते? ‘भिऊ नकोस, उडी घे’ एवढेच ती सांगते असा समज घाईचा होय. अर्जुनाची अवस्था पाहावी. गात्रे शिथिल झाली आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, गांडीव हातातून गळत आहे. आणि त्याची मागणी कोणती? क्षात्रवृत्ती टाकून भिक्षेवर निर्वाह करावा, ही! म्हणजे वृत्ती पालटण्याची इच्छा अर्जुनाचीच होती, आणि भगवंतांनी ती मान्य केली नाही. तो पालट त्याच्या स्वभावातून उमललेला नव्हता. शोकाने आणि मोहाने त्याला तिकडे ढकलले होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. भय दोन वेषांत येते. कधी ते मनुष्याला जुन्या जागी खिळवून ठेवते आणि आपले नाव ‘संतोष’ असे सांगते. कधी ते त्याला जुन्या जागेवरून पळवून लावते आणि आपले नाव ‘वैराग्य’ किंवा ‘नवी दिशा’ असे सांगते. अठराव्या अध्यायात शरीरकष्टांच्या भयाने केलेल्या कर्मत्यागाला राजस म्हटले आहे. त्या त्यागाला त्यागाचे फळ मिळत नाही. त्याच अध्यायात, ज्या हट्टाने मनुष्य निद्रा, भय, शोक आणि विषाद सोडत नाही त्या धृतीला तामस म्हटले आहे. तेव्हा राहणे चांगले की जाणे चांगले, हा मूळ प्रश्नच नव्हे. राहविणारा कोण आणि नेणारा कोण, हे आधी पाहिले पाहिजे. वरिष्ठाशी खटका उडाला म्हणून नोकरी सोडणारा आणि अपमान गिळत केवळ धास्तीने तीच धरून बसणारा, हे दोघे एकाच धन्याचे चाकर होत.

भगवंतांनी सात्त्विक बुद्धीचे जे लक्षण सांगितले आहे त्यात भय आणि अभय या दोहोंचे ज्ञान येते. कशास भ्यावे हे जाणणे हाही विवेकच आहे. पोरांच्या ताटातील अन्न तुटेल, ही भीती गृहस्थाने तुच्छ मानू नये. ती कर्तव्याची हाक आहे. तिचे उत्तर धाडसाने द्यावयाचे नसून तरतुदीने द्यावयाचे असते. उलट, लोक हसतील, मान कमी होईल, ही भीती अहंकाराची आहे. तिला तरतूद नाही. ती ओळखावी आणि सोडावी. बहुधा होते ते असे की, दुसरी भीती पहिलीच्या आड लपते. मनुष्य म्हणतो, ‘मुलाबाळांसाठी थांबलो आहे’. आणि आत पाहिले तर हुद्दा सुटत नसतो.

सहाव्या अध्यायातील अर्जुनाचा एक प्रश्न तर पालटाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाचा आहे. योगमार्गावरून जो ढळला तो दोन्हींकडून भ्रष्ट होऊन, फाटलेल्या ढगासारखा विरून जातो काय, असे तो विचारतो. जुने सुटले आणि नवे साधले नाही तर काय, हेच ते भय. भगवंत त्याला वत्सलतेने आश्वासन देतात की, कल्याणकारी कर्म करणाऱ्याची दुर्गती होत नाही. मात्र हे आश्वासन पगाराचे नव्हे. धंदा बुडू शकतो, गाठीचे धन जाऊ शकते. शुद्ध हेतूने केलेल्या प्रयत्नाने अंतःकरणात जे घडते, ते मात्र बुडत नाही.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 1907 साली ते सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी म्हणून कलकत्त्यास रुजू झाले. मानाची आणि भरवशाची ती जागा होती. विवाहही झालेला होता. त्यांचा ओढा पदार्थविज्ञानाकडे होता. त्यांनी राजीनामा दिला नाही आणि ओढाही मारला नाही. कचेरीच्या आधी आणि कचेरी सुटल्यावर ते बहूबाजारातील विज्ञानसंस्थेत प्रयोग करीत. मध्यंतरी रंगून आणि नागपूर येथे बदली झाली, तरी अभ्यास चालूच राहिला. सुमारे दहा वर्षे हा क्रम चालला. 1917 साली सर आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने कलकत्ता विद्यापीठातील पालित अध्यासन मिळाले, तेव्हा कमी वेतन पत्करून त्यांनी सरकारी नोकरी सोडली. पुढे 1928 मधील शोध आणि 1930 चे नोबेल पारितोषिक जगास ठाऊक आहे. पण गृहस्थाने शिकावयाचे ते त्या आधीच्या दहा वर्षांत आहे. पारितोषिक लाभले नसते तरी तो निर्णय योग्यच ठरला असता, कारण अभ्यासाने त्याची सिद्धता आधीच झाली होती.

तात्पर्य, वृत्ती पालटू इच्छिणाऱ्याने प्रथम आपला स्वभाव निरखावा. जन्मावरून धंदा ठरत नाही अशा काळात स्वभावाला अनुरूप कर्म शोधणे हे प्रत्येकाचे स्वतःचे काम झाले आहे. नव्या कामाला रोजचा थोडा वेळ देऊन पाहावा. मोह असेल तर काही महिन्यांत ओसरेल, स्वधर्म असेल तर दृढ होईल. घरच्या माणसांपासून काही लपवू नये. ज्यांनी परिणाम सोसावयाचा त्यांना विचारात भाग असावा. ऋण फेडावे, काही काळाच्या निर्वाहाची सोय करावी. धूर नसलेला अग्नी नाही तसे दोष नसलेले कर्म नाही, हे गीतावचनही ध्यानात ठेवावे; नव्या जागी धूर दिसताच पुन्हा पळू नये.

आणि एवढे करूनही जागीच राहण्याचा निर्णय झाला, तर त्यात कमीपणा नाही. भयाने राहणारा रोज मरतो; कर्तव्य जाणून राहणारा त्याच खुर्चीवर बसून मोकळा असतो. सारा उपदेश संपल्यावर भगवंतांनीही अर्जुनावर आज्ञा लादली नाही. पूर्ण विचार कर आणि मग इच्छेस येईल तसे कर, असे सांगितले. सुटणे किंवा राहणे हे विवेकाने ठरवावे, फळाचा भार त्या जगन्नियंत्यावर सोपवावा, आणि जे ठरले त्यात निश्चिंत मनाने हात घालावा. गृहस्थाचे अभय ते हेच.