वळ कोणाच्या पाठीवर उठले?

संतसज्जनहो, पैठणच्या रेड्याची कथा ठाऊक नाही असा वारकरी सापडायचा नाही. माउलींनी रेड्याच्या मस्तकी हात ठेवला आणि त्याच्या मुखातून वेद वदविले, हे आपण कीर्तनात ऐकतो, टाळी वाजवितो आणि घरी जातो. पण त्या आधी एक गोष्ट घडली, तिच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. या रेड्याचे नावही ज्ञानाच, मग तो आणि तुम्ही एकच काय, असे कोणी कुत्सितपणे विचारले. माउलींनी सांगितले, भेद नाही. तेव्हा त्या मुक्या जनावरावर आसूड ओढला गेला, आणि वळ उठले ते माउलींच्या पाठीवर!

आमच्या मते खरा चमत्कार तो. वेद बोलला म्हणून रेड्यात देव आला असे नव्हे. मुका उभा होता, ओझे वाहत होता, तेव्हाही तो त्याच्यात होताच. परतीच्या वाटेवर जुन्नर तालुक्यातील आळे गावी त्या रेड्याने देह ठेवला, अशी परंपरा सांगते. तेथे त्याची समाधी आहे आणि वारकरी तिच्यापुढे माथा टेकतात.

नामदेवरायांची भाकरी कुत्र्याने पळविली, तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले; कोरडी भाकरी देवाच्या घशाला लागेल याची चिंता! नाथमहाराजांनी काशीची कावड रामेश्वरासाठी आणली होती, ती वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतली. त्यांचा रामेश्वर तेथेच तृप्त झाला. बघा हं, ते कुत्रे काही वेद बोलत नव्हते, आणि गाढवाला तर लोक अपशब्द म्हणूनच वापरतात.

आता आपल्याकडे वळू. आषाढीच्या वाटेवर माउलींचा अश्व निघतो. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व पायी आळंदीला येतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी. कारण तिथे माउली बसलेले, हा आपला भाव. चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते, अश्व धावतो आणि त्याच्या टापेखालची माती आपण कपाळी लावतो. हा भाव थोर आहे. पण त्याच अश्वाला हात लावायला आपण अशी झुंबड करतो की ते जनावर बिचकते, घामाघूम होते. ही कसली भक्ती? माती मिळाली ना, मग मागे सरा, त्याला श्वास घेऊ द्या.

तसेच पाच पायांची गाय कोणी दारी आणली की आपण हळदकुंकू वाहतो, पैसा टाकतो. ती उपाशी आहे का, तिचे खूर उन्हाने पोळले आहेत का, हे कोण पाहतो? आणि घरचा बैल! बेंदराला, पोळ्याला त्याच्या तोंडी पुरणपोळी, शिंगांना रंग. दुसऱ्या दिवशी जुवाने सोललेल्या त्याच खांद्यावर जू, आणि हाती पराणी. लाडक्या कुत्र्याला दूधभात, अन् दारी आलेल्या लूत लागलेल्या कुत्र्याला दगड.

कोणी म्हणेल, महाराज, शेती कशी करायची मग? आम्ही बैल जुंपू नका म्हणत नाही. कष्ट घ्यावेत, पण खांदा सोलला असेल तर चार दिवस औत थांबवावे. म्हातारा झाला म्हणून दावे सोडून देऊ नये. आपण जेवण्याआधी गोठ्यात वैरण-पाणी पडले का, एवढे विचारावे. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

माउलींनी पसायदानात प्राणिमात्रांची मैत्री मागितली, ती फक्त माणसांपुरती नव्हे. म्हणून हात उगारण्याआधी पैठण आठवावे. आसूड आपण ओढू, पण वळ कोणाच्या पाठीवर उठतील?

रामकृष्णहरि.