नाव आपली, पाणी सर्वांचे

स्वकष्टाच्या पैशाने एखाद्याने नौका घेतली आणि फाल्गुनाच्या सुमारास, थंडी सरलेली नि उन्हाचा ताप अजून दूर असताना, तो कुटुंबासह खाडीतून विहारास निघाला, तर त्यात नीतिशास्त्राने लक्ष घालावे असे काय आहे? नौका त्याची, इंधन त्याचे, सुटीचा दिवसही त्याचाच. तथापि ज्या पाण्यावर ती नौका तरंगते, ते पाणी त्याचे नसते. आमच्या मते सारा प्रश्न येथूनच उभा राहतो.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्यांनी खाडीची चर्चा कशाला करावी, असे कोणी म्हणेल. पण २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यातील १११ जलमार्गांच्या यादीत वसईची खाडी व उल्हास नदी यांचा क्रमांक ५३ आहे आणि आमच्या पैनगंगा-वर्धा नद्यांचा ७८. कायद्याने दोघींना एका पंक्तीस बसविले. निसर्गाने मात्र ताटे वेगळी वाढली आहेत. खाडीला दिवसातून दोनदा भरती येते. पैनगंगेचे पात्र मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर जागोजागी उघडे पडू लागते आणि इसापूर धरणातून पाणी सोडावे, अशी मागणी काठच्या गावांना करावी लागते. जेथे घागर बुडणे कठीण, तेथे नौकाविहाराची गोष्ट कोण काढणार? म्हणूनच पाण्यावर पहिला अधिकार कोणाचा, हे येथील माणसाला अधिक स्पष्ट दिसते.

हा विचार नवा नाही. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या विधिग्रंथाने हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा ही निसर्गतः सर्वांची असल्याचे नोंदविले. पुढे पोर्तुगिजांनी आपल्या समुद्रावर ‘कार्ताझ’ नावाचा परवाना लादला; तो नसलेले गलबत जप्त होई. त्यांच्या या मक्तेदारीविरुद्ध १६०९ साली ग्रोशियस या डच विधिज्ञाने समुद्र सर्वांना मोकळा असल्याचे प्रतिपादन केले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ साली, बियास नदीकाठच्या एका प्रकरणात, शासन हे अशा नैसर्गिक संपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहे, असा निर्वाळा दिला.

पाणी सर्वांचे, हे मान्य केले की दोन चुकीचे निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. एक म्हणतो, सर्वांचे म्हणजे माझेही. मी वाटेल तसा वावरेन. दुसरा म्हणतो, कोणी तहानलेला असताना पाण्यावर आनंद करणे हेच पाप. दोघांशीही आम्ही सहमत नाही. विश्रांती व सृष्टिसौंदर्याचा आस्वाद ही मानवाची खरी गरज आहे. प्रश्न आनंदाचा नसून क्रमाचा आहे. प्रथम तहान, मग उपजीविका, त्यानंतर विहार. हा क्रम उलटला की निर्दोष आनंदही अन्याय ठरतो.

मोटारीची नौका वेगाने निघून जाते आणि तिने उठविलेली लाट मागाहून काठाला पोहोचते. तोवर नौका वळणापलीकडे गेलेली असते. लहान होडीत उभा राहून जाळे ओढणारा कोळी त्या लाटेने हेलकावतो. लाट उठविणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आपले बहुतेक अन्याय याच जातीचे असतात. त्यांत द्वेष नसतो, फक्त मागे वळून पाहणे नसते. समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, यंत्रावर चालणाऱ्या नौकेने जाळी टाकून मासेमारीत गुंतलेल्या नौकेला वाट द्यावी लागते. ज्याला सहज वळता येते त्याने, ज्याचे हात गुंतले आहेत त्याच्यासाठी वळावे. एवढे नीतिशास्त्र दर्यावर्दींनी नियमातच गोवून ठेवले आहे.

खासगी मालकीला यामुळे बाध येत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी मालकी योग्य मानली. परंतु वस्तूचा उपभोग घेताना ती सर्वांसाठी आहे असे समजून, गरजवंताला द्यायला तत्पर असावे, असे सांगितले. गनेसरेत सरोवराच्या काठी प्रभू येशूने लोकसमुदायाला शिकविण्यासाठी शिमोनाची नौका मागून घेतली. नौका शिमोनाचीच राहिली. उपयोग मात्र काठावरच्या सर्वांना झाला.

आपल्यापैकी फार थोड्यांकडे नौका असेल, म्हणून हा विषय दुसऱ्यांचा असे मानू नये. अंगणातील बोअरवेल आपल्या नावावर असते. जमिनीखालचा झरा मात्र शेजाऱ्याच्या विहिरीलाही पाणी पुरवीत असतो. मोटारीचे बटण दाबताना आपणही एक अदृश्य लाट मागे सोडतो. ती कोणाच्या दारी पोहोचते, याची चौकशी या उन्हाळ्यात प्रत्येक कुटुंबाने करावी. शेजारची विहीर आटली असेल, तर आपल्या नळाला दोन घागरी आधी तिच्या धन्याच्या लागाव्यात.