कॉलनीत राहणारा बौद्ध



आपल्यातील शिकलेली, नोकरीला लागलेली काही कुटुंबे सिद्धार्थनगरसारख्या वस्तीतून निघून कोल्हापूरच्या ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी अशा बंगल्यांच्या भागात राहावयास गेली आहेत. रुंद रस्ता, दुतर्फा झाडी, कंपाउंडची भिंत, फाटकावर मालकाच्या नावाची पाटी. यावरून आपल्यात दोन मते ऐकू येतात. एक म्हणतो, "वस्ती सोडली तो समाजाला विसरला." दुसरा म्हणतो, "चिखलातच राहायचे हा काय धम्म झाला?" दोन्ही मते बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहिली पाहिजेत.

चांगल्या घरात राहणे हा दोष आहे काय? मुळीच नाही. तथागतांनी गृहस्थाला दारिद्र्याचे व्रत दिले नाही. श्रावस्तीचा अनाथपिंडिक मोठा धनवान व्यापारी होता. त्याने जेतवन विकत घेऊन संघाला दान दिले. दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाला भगवंतांनी चार गोष्टी सांगितल्या: उद्योग करणे, मिळविलेले राखणे, सज्जनांची संगत धरणे आणि आवक पाहून खर्च करणे. शिवाय गावकुसाबाहेर राहणे ही आपली आवड नव्हती, ती आपल्यावर लादलेली शिक्षा होती. शिक्षेतून बाहेर पडणाऱ्याला फितूर कसे म्हणावे?

मग खरा प्रश्न कोणता? माणूस कोठे राहतो हा नव्हे; कोणत्या नावाने राहतो आणि तेथे कसा वागतो, हा आहे.

1917 साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर हजर झाले. परदेशात शिकून आलेल्या या विद्वानाला त्या शहरात राहावयास खोली मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून त्यांना उतरावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि त्यांनी जागा सोडावयास लावली. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. दोष त्यांचा नव्हता; ज्यांनी खऱ्या नावाला छप्पर नाकारले त्यांचा होता. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. परक्या नावाखालचे छप्पर अकराव्या दिवशी गेले. पुढे परळच्या चाळीतून निघून त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत, म्हणजे मुंबईच्या सुखवस्तू लोकांच्या वसाहतीतच, स्वतःचे घर बांधले. तेथे नाव लपविले नाही. घराला बौद्ध इतिहासातील नगरीचे नाव दिले: राजगृह. घर ग्रंथांनी भरले आणि समाजाला दार उघडे ठेवले.

आज आपल्यातील काहीजण स्वतःच्या पैशाच्या घरात राहतात, आणि राहतात मात्र बडोद्यात राहिल्यासारखे. "आडनाव काय? मूळ गाव कोणते?" हे प्रश्न शेजारी कशासाठी विचारतो ते आपण ओळखतो. कांबळे म्हटले की कोल्हापुरात पुढे काही सांगावे लागत नाही. म्हणून कोणी आडनाव बदलतो, कोणी बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर बैठकीतून आतल्या खोलीत नेतो, कोणी मामा वस्तीतून येणार म्हणून अवघडून जातो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या गरीब माणसाने भीतीपोटी तोंड मिटले तर त्याला मी हसणार नाही. खोली गेली तर त्याची मुले रस्त्यावर येतील. अस्पृश्यता घटनेच्या 17 व्या कलमाने नष्ट झाली, तरी "खोली कालच दिली हो" असे गोड शब्दांत सांगणारे घरमालक संपलेले नाहीत. परंतु ज्याला कोणी हुसकावू शकत नाही, त्याने कोणाच्या भीतीने लपावे? आपण पंचशील घेतले, त्यात असत्य न बोलण्याचे शील आहे. त्याहून मोठी हानी मुलांची होते. पाहुणे येताच तसबीर आत जाते, हे लेकरू पाहत असते. बाबासाहेब ही लपविण्याची गोष्ट आहे एवढेच ते शिकते. असा धडा शाळेतल्या कोणत्याही शिक्षकाला पुसता येत नाही.

कोणी म्हणेल, शेजाऱ्याचे काही कर्तव्य नाही काय? आहे. याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात राजर्षी शाहू महाराज सर्वांदेखत चहा प्यायले. महाराजांनी धैर्य दाखविले हे खरेच. पण त्याआधी त्या समाजात, त्या काळी, उघडपणे हॉटेल मांडून बसण्याचे धैर्य गंगारामांनी दाखविले होते. लपून राहणाऱ्याच्या दाराशी चांगला शेजारी आला तरी त्याने चहा कोणाचा प्यायचा?

आता दुसरी कसोटी. राजगृह नगरीत सिगाल नावाचा तरुण रोज सहा दिशांना नमस्कार करी. भगवंतांनी त्याला त्या दिशांचा अर्थ सांगितला. आईवडील ही पूर्व दिशा, आणि घरात राबणारी माणसे ही खालची दिशा. त्यांना झेपेल तेवढेच काम द्यावे, अन्न व मजुरी द्यावी, आजारात सांभाळावे, गोडधोड वाटून खावे, वेळोवेळी रजा द्यावी.

बंगल्यात धुणेभांडी करावयास येणारी बाई पुष्कळदा आपल्याच वस्तीतली, आपल्याच आडनावाची असते. ती चहा कोणत्या कपातून पिते? तिचा कप मोरीजवळच्या कोनाड्यात वेगळा ठेवला असेल, तर ते घर बौद्धाचे नव्हे. भिंतीवर कितीही मोठी मूर्ती असो. जो कप आपल्या आजोबांसाठी बाहेर टांगलेला असे, तोच आपण आत आणून ठेवला. मालक बदलला, धर्म बदलला नाही.

म्हणून वस्तीतल्या बांधवांना सांगणे आहे: वर गेलेल्याचा मत्सर करू नका, त्याच्या घरी हक्काने जा. आणि कॉलनीतल्या बांधवांना विनंती आहे: फाटकावर आपले नाव ठळक लिहा. तसबीर बैठकीत लावा. रविवारी मुलांना घेऊन वस्तीतल्या विहारात या, तेथल्या मुलांना तासभर गणित-इंग्रजी शिकवा. आणि काम करणाऱ्या बाईला ताई म्हणून खुर्चीवर बसवा, घरातल्याच कपात चहा द्या. एवढे केले, तर कॉलनीतले ते घर एकट्याचे राहणार नाही. साऱ्या समाजाला ते आपले वाटेल.

जयभीम.