पकड

भोसरीतल्या एका कारखान्यात लहान मुलांच्या तीनचाकी सायकली बनत. मागच्या चाकांच्या दांड्याला आटे नव्हते, त्यामुळे नटही नव्हता. दांड्याच्या टोकावर स्प्रिंग स्टीलची एक चकती दाबून बसवली की चाक जागेवर राही. चकतीच्या भोकाला आतल्या बाजूनं तिरपे दात, आणि भोक दांड्यापेक्षा किंचित लहान. चकती दाबली की दात फाकतात आणि दांड्यावरून सरकतात. उलट ओढली की त्यांची टोकं दांड्यात रुततात. दांड्यापेक्षा चकतीचं पोलाद कठीण असतं, म्हणून हे जमतं.

पण चाकं निघतात अशा तक्रारी येऊ लागल्या. मालक म्हणाले, "पत्रा कमजोर पडतोय. जाडी वाढवा." ०.४ मिलिमीटरचा पत्रा ०.८ चा झाला. तक्रारी दुपटीनं वाढल्या.

डिझाइन बघणारी मुलगी परत आलेल्या चकत्या निरखत बसली. दात एकही तुटलेला नव्हता. सगळे फाकले होते ते फाकलेलेच राहिले होते. ती उठून जुळणीच्या टेबलापाशी गेली. तिथं मावशी हातोडीनं चकत्या ठोकत होत्या.

"मावशी, हातोडी कशाला?"

"दाबून बसतच नाही, ताई. आधीही ठोकावीच लागायची. आता चार घाव जास्त."

तिनं हिशेब मांडला. दाताची जाडी दुप्पट केली की त्याचा ताठरपणा आठपट होतो. तितकंच फाकताना त्याच्यावर ताणही दुप्पट येतो. तो सोसवला नाही की दात पुन्हा मिटत नाही. मिटलाच नाही, तर धरणार कसा? शिवाय ठोकताना तिरकी गेलेली चकती दांडाही खरवडते.

तिनं पत्रा पुन्हा ०.४ चा केला आणि दातांमधल्या खाचा खोल नेल्या, म्हणजे दात लांब झाले.

"हे तर आणखीच लेचंपेचं!" मालक वैतागले.

मावशींनी नळीचा तुकडा टेकवून चकती हातानंच दाबली. बसली. मालकांनी पक्कड लावून ती ओढून पाहिली. ओढावी तसे दात आणखी रुतत गेले. चकती सुटली नाही.

तात्पर्य : पकड सुटते म्हणून लगेच कडकपणा वाढवू नये, आधी वाकायला जागा ठेवली आहे का, ते पाहावं.