चिमूटभर मीठ

आज जेवायची घाई करू नका. ताटात मऊ भात घ्या, त्यावर तुरीचं वरण घ्या, आणि मीठ मात्र घालू नका. पहिला घास तोंडात सावकाश फिरवा. तूर आहे, तांदूळ आहे, हळद आहे. सगळं जागच्या जागी असून घास काही जमून येत नाही. या उणेपणाला मराठीत शब्द आहे, अळणी. संस्कृतातला ‘अलवण’ तोंडातोंडी झिजून अळणी झाला. तो सांगतो एवढंच की मीठ नाही. तरी आपण तो भाषणाला लावतो, गाण्याला लावतो, कधी कधी अख्ख्या दिवसालाही लावतो.

आता चिमूटभर मीठ घाला. नीट कालवा आणि दुसरा घास घ्या. मीठ कुठे दिसत नाही, पण तूर तुरीसारखी लागायला लागली. या घासावर जरा थांबा.

स्वतः न दिसता जे बाकीच्यांना खुलवतं, त्याचं नाव आपल्या पूर्वजांनी सौंदर्याला दिलं. लवण, त्यावरून लावण्य. नाक, डोळे, रंग यांचं वर्णन करता येतं; लावण्यावर बोट ठेवता येत नाही. हिंदीतला ‘सलोना’ही याच लवणातला. हा शब्द ज्याला सुचला, त्याने जेवताना आणि माणसाकडे बघताना सारखंच लक्ष दिलं असणार, असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजीनेही मिठाचं विशेषण केलं, पण चावरं. ‘सॉल्टी’ म्हणजे आधी समुद्रावर हयात घालवलेला खलाशी आणि त्याची रांगडी भाषा. गेल्या शतकात अमेरिकेतल्या बोलीत तो झाला चिडलेला, मनाला लावून घेतलेला माणूस. गेम हरून कुरकुरणाऱ्या मित्राला पोरं आज हाच शब्द वापरतात. आगाऊ माणसाला लावायचा ‘सॉसी’ही मिठाच्याच घरातला, कारण सॉसचं मूळ लॅटिन ‘साल्सा’, म्हणजे खारवलेलं.

नागपूरजवळच्या आमच्या खापरखेड्यात मराठी आणि हिंदी एकाच टपरीवर चहा पितात. एकाच्या तोंडी ‘मीठा’ म्हणजे गोड, दुसऱ्याच्या तोंडी ‘मीठ’ म्हणजे खारट. दोन्ही आले ‘मिष्ट’ या एकाच शब्दातून. जे रुचतं ते मिष्ट. मराठीने तो मान साखरेला न देता मिठाला दिला.

इथलं वीज केंद्र 1340 मेगावॅटचं. त्याच्या बॉयलरला मात्र अळणी पाणी लागतं. डीएम प्लांटमध्ये पाण्यातले सगळे क्षार काढून टाकतात, नाहीतर ते नळ्यांत आणि टर्बाइनच्या पात्यांवर बसतात. यंत्राला मीठ सोसत नाही. मे महिन्यात पारा 45च्या वर जातो तेव्हा पाळी संपवून घरी आलेल्या माणसाचा शर्ट खुंटीवर पाहा. पाठीवर घाम सुकून पांढरी नागमोडी रेघ उमटलेली असते. नखाने खरवडली तर भुकटी निघते. ते त्याच्या अंगातलं मीठ. त्याच्या हातात पडते ती सॅलरी; त्या शब्दाचं मूळ लॅटिन ‘सालारिउम’, आणि त्याच्याही पोटात ‘साल’, म्हणजे मीठच. खाल्ल्या मिठाला जागावं असं आपण म्हणतो. त्या रेघेकडे पाहिलं की वाटतं, या माणसाने खाल्लेलं मीठ कधीच फेडलं.

आता तिसरा घास घ्या. या वेळी काही शोधू नका, नुसते जेवा. आणि उद्या कुणाचं ताट वाढाल तेव्हा हात आधी मिठाकडे जाऊ द्या. आपल्याकडे ताट वाढायला सुरुवात मिठापासूनच होते.