एका झग्याची किंमत



‘काळें पाणी’ हा शब्द आपणां सर्वांस ठाऊक आहे. १८५८ सालीं इंग्रज सरकारनें अंदमानांत कैद्यांची वसाहत मांडली, आणि पुढें पुष्कळ वर्षें आपल्या देशांतील पुरुष व स्त्रियाही तेथें धाडण्यांत आल्या. परंतु समुद्रापार धाडण्याची ही शिक्षा त्या सरकारनें त्यापूर्वीं स्वतःच्या देशांतील गोरगरिबांसही दिली होती. त्यांतील एका मुलीची हकीकत आज आम्ही आपणांपुढें ठेवितों.

तिचें नांव मेरी वेड. लंडन शहरांत ती रस्ते झाडून व भीक मागून पोट भरी. १७८८ सालीं तिनें व जेन व्हाइटिंग नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलीनें मेरी फिलिप्स ह्या आठ वर्षांच्या पोरीस आडजागीं नेलें, आणि तिचा सुती झगा, खांद्यावरचें वस्त्र व टोपी काढून घेतली. झगा त्यांनीं गहाणाच्या दुकानीं नेला. १७८९ च्या जानेवारींत दोघींस फांशीची शिक्षा झाली. मेरी वेड त्या वेळीं अवघी अकरा वर्षांच्या आसपासची होती.

आम्ही तिला निरपराध म्हणत नाहीं. त्या लहानगीस शौचकूपांत टाकावयास हवें होतें असें ती बोलल्याची साक्ष न्यायालयांत झाली. ज्या पोरीचे कपडे गेले, तिचें भय व तिची लाज देवानें पाहिली होती. चोराची कींव करितां करितां ज्याचें गेलें त्यास विसरणें ही दया नव्हे.

परंतु एका झग्यासाठीं एका लेंकराचा जीव घेणें हा न्याय काय? त्याच वर्षीं राजा तिसरा जॉर्ज दुखण्यांतून उठला, त्या आनंदाच्या निमित्तानें तिची फांशी टळून जन्माची हद्दपारी झाली. ‘लेडी ज्युलियाना’ जहाजांत दोनशेंहून अधिक स्त्रियांबरोबर तिला घातलें. सुमारें अकरा महिन्यांनीं, १७९० च्या ३ जून रोजीं, तें जहाज ऑस्ट्रेलियांत सिडनीस लागलें. तेथून तिला नॉर्फोक बेटावर नेलें.

पुढें जोनाथन ब्रुकर नांवाच्या दुसऱ्या कैद्याबरोबर तिनें संसार थाटला व जमीन कसली. १८२३ सालीं वणव्यांत त्यांचें सर्वस्व गेलें. तीं पुन्हां उभीं राहिलीं. तिला एकवीस मुलें झालीं. १८५९ सालीं ती वारली तेव्हां तिचे तीनशेंहून अधिक वंशज हयात होते. त्याच वंशांतील केव्हिन रड हे २००७ सालीं ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले.

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या भूमीवर हे कैदी वसविले, ती तेथील मूळ रहिवाशांची होती, आणि ती त्यांना न विचारतां घेतली गेली. एका झग्याच्या चोरीला फांशी, आणि एका देशाच्या चोरीला दंड नाहीं! मनुष्यांचा तराजू असा आहे. म्हणून दुसऱ्याच्या चोरीचें माप करण्यापूर्वीं आपला तराजू तपासूं या.

वारूळवाडीच्या शिवारांत व नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटोच्या हंगामीं दूरदूरचे मजूर येतात. समजा, त्यांतील एखाद्या पोरीनें आपल्या ओसरीवरून लुगडें उचललें किंवा चार पैसे नेले. आपण काय करूं? तिला मारूं, कीं जन्मभर ‘चोरटी’ म्हणून हिणवूं? हें नांव ठेवणें म्हणजे देखील काळें पाणीच होय. मात्र त्याला जहाज लागत नाहीं. एकाच गांवांत राहून मनुष्य हद्दपार होतो.

जक्कयानें प्रभूला घरांत घेतलें तेव्हां लुबाडलेलें चौपट परत करण्याचें वचन दिलें. पौलानें इफिसकरांस सांगितलें कीं चोरी करणाऱ्यानें ती सोडून हातांनीं काम करावें, म्हणजे गरजवंतास देण्यापुरतें त्याजपाशीं राहील. पाहा, प्रेषित चोराच्या हातांत बेडी घालीत नाहीं. काम देतो, आणि त्याच हातांनीं दुसऱ्यास देण्याची आशा धरितो.

म्हणून मंडळींतील पंचांस व उपदेशकांस आमची विनंति आहे: गेलेली वस्तु आधीं धन्यास परत करवा. मग त्या लेंकराच्या घरीं चूल पेटते कीं नाहीं तें पाहा. काम करण्याच्या वयाचें असेल तर काम द्या, लहान असेल तर शाळेंत बसवा, आणि रविवारीं सतरंजीवर त्याची जागा राखून ठेवा.

त्या न्यायाधीशास अकरा वर्षांच्या पोरींत एक चोर दिसला. तिच्या पोटीं येणारे शेंकडों जीव दिसले नाहींत. आपणांसही पुढचें दिसत नाहीं. ज्याला दिसतें, त्यानें वधस्तंभावरील चोरासही आपल्या राज्याबाहेर ठेविलें नाहीं. त्याची कृपा आपल्या दारीं येणाऱ्या प्रत्येक लेंकरास आपल्या हातून पोहोंचो. आमेन.