वहीतली खोडलेली ओळ

१९७५ च्या उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्यानं आमच्या शाळेचे पत्रे उडाले. एक तर ओढ्यापलीकडच्या बाभळीत जाऊन अडकला. माण तालुक्यातलं शंभरेक उंबऱ्यांचं गाव; बहात्तरच्या दुष्काळातून आत्ता कुठं उठत होतं. जिल्हा परिषदेकडे अर्ज गेला, पण जूनला पोरं बसणार कुठं? पारावर बैठक झाली. घरटी पाच रुपये, नसतील तर पायलीभर बाजरी, तीही नसेल तर अंगमेहनत.

वर्गणीचं काम दादांकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं आलं. वही माझ्या हातात. मी तिसरीतला, पण अक्षर बरं होतं. दादा दारोदार एकच गोष्ट सांगायचे. कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहातल्या पोरांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. बायका मुकाट्यानं आत जायच्या आणि सूप भरून आणायच्या.

गावाखालच्या वस्तीत शेवटचं घर एका म्हाताऱ्याचं. आमच्या आजोबांच्या वयाचा, तरी दादा त्याला एकेरीच हाक मारायचे. तेव्हा त्यात काही खटकायचं नाही, हे आता खटकतं. त्यानं गोष्ट शेवटपर्यंत ऐकली.

"मी शाळंत हुतो तवा भाईर पायरीवर बसायचो. पाऊस आला की भिजायचो. तवा न्हाई कुनी वर्गणी काढली."

"पर आता तुझी नात आतच बसती की."

"बसती. सरकारची शाळा हाय, म्हनून बसती. मी न्हाई देनार, दादा."

दादा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र वही मागून घेतली, त्याच्या नावापुढं 'रु. ५ मिळाले' लिहिलं आणि खिशातले पाच रुपये पेटीत टाकले. म्हाताऱ्याला गावात बोल लागू नये म्हणून. मला त्या रात्री दादांचा फार अभिमान वाटला.

पंधरा ऑगस्टला नव्या पत्र्याखाली नावं वाचली गेली. म्हाताऱ्याचं नाव आलं तसा तो मागं उभा राहिला.

"मी दिलं न्हाई. नाव काढा."

"असू दे रं," कुणीतरी म्हणालं.

"कसं असू दे? आख्ख्या जन्मात गावाला एकदा न्हाई म्हनलो. ते बी तुमी पुसलं?"

त्याचा राग तेव्हा मला कृतघ्नपणा वाटला. पुष्कळ वर्षं वाटत राहिला. दादांचा हेतू वाईट नव्हता, आणि शाळा गावानं मिळून उभी केली हेही खोटं नाही. पण ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या देण्याला वर्गणी म्हणायचं की पट्टी? लक्ष्मीबाईंना कुणी वही घेऊन गाठलं नव्हतं. आणि म्हाताऱ्याजवळ पाच रुपये नव्हते असंही नाही. त्याच्याजवळ गावाचा एक जुना हिशेब होता, नि तो मांडायला त्याला तेवढी एकच जागा मिळाली होती. दादांनी ती दयेनं भरून टाकली.

नात मात्र त्याच वर्गात शिकत राहिली. तिला कुणी उठवलं नाही, एवढं गावाचं श्रेय.

त्या संध्याकाळी दादांनी मला ती ओळ खोडायला लावली. मग बराच वेळ वही मांडीवर घेऊन बसले. शेवटी स्वतःच्या नावापुढचे पाच खोडून दहा केले. बेरीज तीच राहिली.